व्यसन, अवलंबित्व की तलफ?

प्रश्न: गांजावरच्या एका आरोग्यविषयक लेखाचं मराठी करतेय. त्यात 'डिपेन्डन्स' ओळखावा कसा, असा भाग आहे. मी 'अवलंबित्व' लिहिलं, संपादक म्हणतात 'व्यसन' करा, लोकांना तेच कळतं. तुम्ही काय लिहाल?

– 'व्यसन' कळतं खरं, पण त्यातून 'व्यसनी' निघतो, आणि व्यसनी म्हटलं की माणूसच निकालात निघाला. 'वाचनाचं व्यसन' म्हणताना मात्र आपण कौतुक करतो, म्हणजे शब्द दोन्हीकडून सैल. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९६४ मध्ये 'ॲडिक्शन'ऐवजी 'डिपेन्डन्स' सुचवला होता. लेख डॉक्टरांसाठी असेल तर 'अवलंबित्व' ठेवा.

– घरच्यांसाठी असेल तर? 'अवलंबित्व' वाचून कुणालाही स्वतःचा मुलगा आठवणार नाही. मी सरळ लक्षणंच बोलीत मांडेन. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, मुख्य खुणा तीन आहेत: हात आवरत नाही, बाकी सगळं मागे पडून गांजा पुढे येतो, आणि शरीर सरावतं, म्हणजे पूर्वीएवढ्याने भागत नाही किंवा बंद केला की त्रास होतो. यातल्या दोन साधारण वर्षभर दिसल्या, किंवा जवळपास रोजच्या वापरात तीन महिने सलग दिसल्या, तर निदान होऊ शकतं. किती ओढतो, हा आकडा यात कुठेच नाही. घरचे नेमका तोच विचारत बसतात.

– पण गांजाने शरीराला सवय लागत नाही, मनाला लागते, असं ऐकलंय. मग नुसतं 'तलफ' पुरेल की.

– नाही पुरणार. तलफ येते आणि जाते. ती एक खूण झाली. आणि ते ऐकीव चूक आहे. रोज ओढणाऱ्याने एकदम बंद केलं की बऱ्याचदा एक-दोन दिवसांतच चिडचिड, बेचैनी सुरू होते, जेवणावरची वासना उडते, झोप लागत नाही, लागली तर भलतीच ठसठशीत स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात जोर असतो, पुढे दोनेक आठवड्यांत बहुतेक ओसरतं. झोपेची तक्रार जास्त रेंगाळते. खरी फसगत इथेच. 'ओढल्याशिवाय मला झोप येत नाही' म्हणणारा गांजाला झोपेचं औषध समजतो, आणि ती झोप गांजा थांबवल्यानेच उडालेली असू शकते. हे वाक्य लेखात जसंच्या तसं घ्या, कुठल्याही संज्ञेपेक्षा लवकर ओळख पटेल.

– मथळ्यासाठी सुचवतो: 'गांजा सुटेनासा झालाय का?' 'सोडता येत नाही' आणि 'सोडवत नाही' यांत फरक आहे. पहिल्यात अडवणारं बाहेरचंही असू शकतं. दुसऱ्यात सोडायचं ठरवलेलं असतं, पण मन धजत नाही. 'सुटेनासा' दोन्हींना पुरतो, शिवाय कुणावर शिक्का मारत नाही.

– मथळा तुमचा घेते. 'अवलंबित्व' आत एकदाच, निदानाच्या परिच्छेदात. संपादकांना 'व्यसन' हवंच असेल तर तेही तिथेच बसवीन, 'व्यसनी' मात्र नाही.