दोन चमचे समोर, त्यातला सूपचा कुठला?

गोंधळलेली_गौरी:
मंडळी, हसा पण उत्तर पण द्या. गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसचं डिनर होतं, मोठ्या हॉटेलात, बसून जेवायचं, बुफे नाही. प्लेटच्या उजवीकडे सुऱ्या आणि एक गोल चमचा, डावीकडे काटे, आणि वर आडवा अजून एक चमचा नि काटा. सूप आलं आणि मी आपला तो वरचा आडवा चमचा उचलला. वेटर काही बोलला नाही, पण शेवटी पुडिंगच्या वेळी त्याने गुपचूप नवीन चमचा आणून ठेवला तेव्हा ट्यूब पेटली. पुढच्या महिन्यात परत जायचंय. काय लक्षात ठेवायचं?

काटेचमचे:
अहो ताई, रोज कोणी ना कोणी तेच करतं, वेटरला सवय असते. मी बरीच वर्षं हॉटेलात सर्व्हिसला होतो. सोपं आहे, बाहेरून आत यायचं. जे आधी येणार त्याचं हत्यार सगळ्यात बाहेर, म्हणून सूपचा चमचा उजवीकडे टोकाला. वरचा आडवा तो डेझर्टचा, त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. अ ला कार्त, म्हणजे मेनूकार्ड बघून एकेक पदार्थ मागवायचं असेल, तर एवढी मांडामांड नसतेच, तुम्ही सूप मागवलं की चमचा तेव्हा येतो.

सूपचा चमचा गोल असतो कारण तो तोंडात घालायचाच नाही, कडेला ओठ लावून प्यायचं, आवाज न करता. आणि भरताना आपल्याकडे ओढायचा नाही, पलीकडे ढकलायचा, म्हणजे थेंब पडला तर बोलमध्ये पडतो, साडीवर नाही. डेझर्टचा लांबट, तो सरळ तोंडात जातो. चहाचा चमचा ढवळून झाला की बशीत, कपात उभा सोडायचा नाही. आणि जोडीने येणारा मोठा चमचा-काटा वाढायचा असतो, तो एका हातात चिमट्यासारखा धरायला आम्हाला पावांवर सराव करायला लावायचे, पहिले कित्येक पाव जमिनीवर.

मेलबर्नची_माई:
जरा अवांतर, पण चमच्यांचं निघालंच आहे तर. इथे ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या मापाच्या सेटमध्ये १५ मिलीचा. माझी कुकीजची रेसिपी बहिणीने पुण्यात केली आणि पीठ एकत्रच येईना, दोघी फोनवर भांडलो. टीस्पून मात्र दोन्हीकडे ५ मिली. तेव्हा रेसिपी कुठली आहे ते आधी बघा.

पळीपंचपात्र:
हे साहेबी चमचे खायचे, आपले सगळे वाढायचे. आमटीला ओगराळं, खोलगट वाटी आणि उभा दांडा, म्हणजे खोल पातेल्यातूनही हात न भाजता निघते. भाताला भातवाढी, भाजीला डाव, तुपाला छोटी चमची. पंगतीत कोणी डावाने आमटी वाढायला लागलं की आमची आजी लांबूनच ओरडायची, निम्मी पानाबाहेर सांडायची ना! खायला मात्र पाच बोटं, तिथे बाहेरून आत वगैरे भानगड नाही.

गोंधळलेली_गौरी:
सगळ्यांना धन्यवाद! काल घरी टोमॅटो सूप करून सराव केला, लेकाने पलीकडे ढकलता ढकलता टेबलक्लॉथ लाल केला. एकच राहिलं, तळाशी उरलेलं सूप कसं घ्यायचं, बोल वाकडा केला तर चालतो का?

काटेचमचे:
चालतो, पण तोही पलीकडेच कलता करायचा. दोन कानांचा कप असेल तर शेवटचं उचलून प्यायलात तरी कोणी काही म्हणणार नाही. झालं की चमचा खालच्या बशीत. लेकाला म्हणावं चमचा अर्धाच भर.