मदत हवी आहे: ऑइलशिवाय गाडी चालली, इंजिन वाचेल का? (अमळनेर)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, एम एच 19 पासिंग. गावातल्याच एका गॅरेजात ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं. त्यानंतरच्या रविवारी दाजी गाडी घेऊन मित्रांबरोबर बामणोदला गेले, शेतात भरीत पार्टी होती. शेतरस्ता कसा असतो ते इथे कोणाला सांगायला नको. मधल्या गवताच्या पट्ट्यात दगड होता, तो खालून 'ठण्' करून लागला असं ते स्वतःच सांगतात.

येताना जळगाव सोडलं आणि पाळधीच्या आसपास मीटरमध्ये लाल दिवा लागला, तो अलादीनच्या चिरागासारखा. मागे गाणी, गप्पा. दाजींना वाटलं सर्व्हिसिंगचा दिवा असेल, घरी जाऊन बघू. धरणगावच्या अलीकडे टकटक सुरू झाली, पुढे पिकअप गेला आणि गाडी स्वतःहून बंद पडली. धरणगावच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने ऑइल मोजायची पट्टी काढली तर टोकालासुद्धा ऑइल नाही. लिटरभर ओतून स्टार्टर मारला, गाडी चालू झाली पण हातोडा मारल्यासारखा आवाज. लगेच बंद केली आणि ट्रॅक्टरला टोचन करून घरी आणली.

आता तीन माणसांची तीन मतं. धरणगाववाला म्हणतो, 20डब्ल्यू50 जाडं ऑइल भरा, आवाज दबेल, चालवत राहा. दुसरा म्हणतो इंजिन गेलं, जुन्या बाजारातलं आणून बसवू, पंचेचाळीस हजार. आणि ऑइल बदलणारा गॅरेजवाला म्हणतो, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) दगडावर आपटलं, आमचा काय संबंध?

दाजींना काही बोलायची सोय नाही, बहिणीचं घर आहे. गाडी पोर्चमध्ये उभी आहे. कुठून सुरुवात करू?

धुळेकर_भो
भाऊ, गाडीले आते हातच लावू नको. किल्ली काढी ले नि घरमा ठेव. "एकदा चालू करीसन दखू" म्हणणारे दहा जण येतीन, त्यासले चहा पाज नि वाटे लाव.

जुना_फिटर
धुळेकरांचं बरोबर आहे. आता प्रत्येक स्टार्टर म्हणजे खर्चात भर.

आधी त्या दिव्याचं, कारण निम्मे लोक इथेच फसतात. लाल चिराग ऑइल किती उरलंय ते दाखवत नाही, तो प्रेशरचा दिवा आहे. प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच त्याचा स्विच दिवा लावतो. म्हणजे रस्त्यावर चालत्या गाडीत तो लागला, तेव्हा पंप ऑइलऐवजी हवा ओढायला लागलेला असतो. पिवळा इंजिनाचा दिवा लागला तर जपून घरापर्यंत येता येतं. लाल चिरागाला ती सवलत नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि तिथल्या तिथे बंद करायची.

आत काय झालं असेल ते सांगतो. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग चालत्या इंजिनात एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि क्रँक त्यावर तरंगत फिरतो. थर गेला की धातूवर धातू. बेअरिंगचा वरचा मऊ थर आधी वितळतो, पुसला जातो, मग पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला हलायला जागा मिळते. तुमचा हातोडा तोच. व्हॉल्व्हजवळच्या टॅपेटचा आवाज बारीक असतो, टिकटिक, आणि वरून येतो. हा खालून येतो, जड असतो आणि रेस दिली की वाढतो.

20डब्ल्यू50 चा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा. जाड ऑइलने आवाज काही दिवस दबतो हे खरं आहे. गाडी विकायची असली की काही लोक हेच करतात. पण सैल झालेलं बेअरिंग त्याने घट्ट होत नाही. एक दिवस रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो आणि मग दुरुस्त करायला ब्लॉकच उरत नाही.

चेंबर उतरवा. खर्च किरकोळ, पण तळाशी काय साचलंय ते डोळ्यांनी दिसेल. त्याआधी मतं देणारा प्रत्येक जण अंदाजपंचे बोलतोय, मीसुद्धा.

केळीवाला_रावेर
ऑइल गेलं कुठून हे आधी बघा. गॅरेजवाल्याशी भांडण त्यावर ठरणार आहे. सर्व्हिसिंग ते रविवार गाडी जिथे उभी होती तिथे फरशीवर डाग आहे का? ड्रेन नट सैल राहिला असेल किंवा वॉशर जुनंच लावलं असेल तर उभ्या गाडीखालीही थेंब पडतात.

अवांतर: आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरने ब्रेक ऑइलच्या डब्यात पॉवर स्टेअरिंगचं ऑइल ओतलं होतं. "ऑइल ते ऑइल" म्हणे! ब्रेकमधली रबरं फुगली, चाकं जाम. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागली. तेव्हापासून टेम्पोत डॉट 4 ची, म्हणजे ब्रेक ऑइलची, बाटली वेगळी आणि तिच्यावर लाल चिकटपट्टी.

बोरीकाठ
फरशी बघितली, डाग नाही. ड्रेन नट जागेवर आहे आणि घट्ट आहे. चेंबरला मात्र पोचा आलाय, ताजा, रंग उडालेला. म्हणजे गॅरेजवाला खरं बोलतोय असं दिसतंय. मग विम्यातून काही मिळेल का? फुल इन्शुरन्स आहे.

पॉलिसी_वाचा_आधी
'फुल इन्शुरन्स' म्हटलं की मला भीतीच वाटते. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत. दगड लागून चेंबर फुटलं तर तो अपघात, चेंबरचे पैसे मागता येतील. पण त्यानंतर गाडी हाकत राहिल्याने जे इंजिन गेलं, ते परिणामी नुकसान म्हणून बाहेर ठेवतात. इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन असतं, ते घेतलेलं असेल तर पॉलिसीच्या कागदावर त्याचा हप्ता वेगळा दिसेल. तिथेही दिवा लागल्यावर गाडी का थांबवली नाही हा प्रश्न येणारच. क्लेम करायचा असेल तर इंजिन उघडण्याआधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरने बघण्याआधी खोललेल्या इंजिनावर काहीच मिळत नाही असं समजून चाला.

जुना_फिटर
थांबा, गॅरेजवाल्याला एवढ्यात सोडू नका. पोचा म्हणजे भोक नव्हे. पत्र्याचं चेंबर बरंच आत दबतं तरी गळत नाही.

गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या आणि ओलं कुठपासून सुरू होतंय ते बघा. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे नेतो, म्हणून सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा ओला भाग हीच गळतीची जागा. चेंबर फुटलं असेल तर त्याच्या वरचं सगळं कोरडं मिळेल. फिल्टरच्या बुडापासून खाली आणि मागे सगळं चिकट असेल तर गोष्ट वेगळी.

मग फिल्टर काढा आणि त्याच्या रबरी रिंगा मोजा. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहते. घाईत कोणी बघत नाही आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळतात. रिंगेवर रिंग. गॅरेजात रेस देऊन बघितलं तरी गळत नाही, गावात फिरलात तरी गळत नाही. थंडीच्या सकाळी ऑइल घट्ट असतं, प्रेशर जास्त असतं, त्यात हायवेची रेस मिळाली की ती जोडी सरकते आणि पिचकारी सुरू होते. उभ्या गाडीत तिथे प्रेशरच नसतं, म्हणून फरशी कोरडी.

काढताना व्हिडिओ घ्या आणि दोन माणसं शेजारी उभी करा.

बोरीकाठ
फिटरदादा, तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत? विम्यात ते ॲड-ऑन निघालं नाही, त्यामुळे सर्व्हेअरची वाट बघायची नव्हती. शेजारच्या गावचा एक मेकॅनिक आणला, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही. फिल्टरपासून मागे सायलेन्सरच्या पाइपापर्यंत काळं चिकट, चेंबरचा पुढचा भाग धुळीने कोरडा. फिल्टर फिरवून काढला. एक रिंग फिल्टरवर, दुसरी ब्लॉकवर, अर्धी बाहेर लोंबत होती! व्हिडिओ आहे.

चेंबरही उतरवलं. तळाशी सोनेरी चकाकी आणि ऑइल पंपाच्या जाळीत बारीक पत्रे अडकलेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची रॉड बेअरिंगं गेली. क्रँकवर नखाला लागतील असे ओरखडे. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) बाहेरून ठीक दिसतोय म्हणाला, हेड (इंजिनाचा वरचा भाग) अजून उघडलेलं नाही.

गॅरेजवाल्याला व्हिडिओ दाखवला. आधी पोरावर ओरडला, मग म्हणाला "बसून बोलू". आता बसून काय बोलू ते सांगा.

पॉलिसी_वाचा_आधी
तो फिल्टर आणि दोन्ही रिंगा त्याच्या हातात देऊ नका. पिशवीत घाला, तारीख लिहा. सर्व्हिसिंगचं बिल आहे का? नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद शोधा. व्हॉट्सॲपवर "गाडी झाली, घेऊन जा" असा मेसेज असेल तर तोही कामाचा.

तो अर्धं तरी द्यायला तयार असेल तर घ्या आणि कागदावर लिहून घ्या. तयार नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलता येतं. पुढे जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि एवढ्या लहान रकमेच्या कामाला तिथे फी लागत नाही.

पण एक गोष्ट तो नक्की काढेल. दिवा लागल्यावर गाडी चालवत ठेवली, हे त्याच्या बाजूचं आहे आणि त्यात तथ्य आहे. त्यामुळे शंभर टक्के मागायला बसाल तर चर्चा तिथेच मोडेल.

केळीवाला_रावेर
त्याच्याच गॅरेजात इंजिन बांधायला देऊ नका हं. पार्ट त्याचे, हात दुसऱ्याचे.

जुना_फिटर
आता इंजिनाकडे या. जुन्या बाजारातलं इंजिन म्हणजे बंद डबा. पंचेचाळीस हजार देऊन त्याचंही बेअरिंग कधी गेलं होतं का हे कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर बदलतो. त्याची आरटीओत नोंद करून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. नाही केलं तर पुढे विक्री आणि क्लेम, दोन्ही अडतात. माझा कल तुमचंच इंजिन बांधण्याकडे, कारण ब्लॉक शाबूत आहे.

क्रँक चांगल्या लेथवाल्याकडे मापाला पाठवा, जळगाव किंवा धुळे. नुसतं "पॉलिश मारतो" म्हणाला तर मायक्रोमीटरचं माप कागदावर मागा. ओरखडे खोल असतील तर ग्राइंडिंग करून 0.25 मिलिमीटर अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकच्या मापाचं, बेअरिंग बसतं. पण त्याआधी दोन गोष्टी विचारा: तुमच्या मॉडेलला अंडरसाइज बेअरिंग मिळतं का, आणि कंपनी क्रँक घासायला परवानगी देते का. काही नव्या गाड्यांत देत नाहीत, तिथे क्रँकच बदलावा लागतो.

दोन बेअरिंगं गेली म्हणून दोनच बदलू नका, रॉडची आणि मेनची (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) सगळी बदला. गेलेल्या दोन रॉडचं मोठं भोकही मापून घ्या, तापून अंडाकृती होतं. हेड उघडा, कॅमशाफ्ट बघा, ऑइल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. ऑइल पंप आणि जाळी काढून साफ. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा डिझेलने धुऊन हवेने फुंकून घ्या, नाहीतर ती सोनेरी चकाकी नवीन बेअरिंगांत जाऊन बसेल. इंजिन बांधल्यावर पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदलायचं. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, जाड नको.

धुळेकर_भो
नि फिल्टर बदलताना जुना फिल्टरवर रिंग शे का नही, ते पहिले दखी ले.

बोरीकाठ
क्रँक धुळ्याला पाठवला, माप आल्यावर इथे टाकतो. गॅरेजवाला पार्टचे पैसे द्यायला तयार झाला, मजुरी आणि लेथ माझ्याकडे. कागद केला, दोघांच्या सह्या आहेत. दाजींनी स्वतःहून लेथचा खर्च देऊ केला, मी नाही म्हटलं, घरात चहा गोड झाला एवढं पुरे.

एक शेवटचं. धरणगावच्या मेकॅनिकने आणलेलं 20डब्ल्यू50 कारचं ऑइल दोन लिटरच्या आसपास उरलंय, सीलबंद. वाया घालवण्यापेक्षा मोटरसायकलीत टाकलं तर चालेल का?

जुना_फिटर
नको. मोटरसायकलीचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारे घटक असतात, त्याने क्लच प्लेटा घसरायला लागतात. रेस वाढते, गाडी पुढे सरकत नाही. मोटरसायकलीच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या. हे दोन लिटर धरणगाववाल्याला परत द्या आणि सीलबंद आहे म्हणून पैसे मागा.