मदत हवी आहे: नदीतल्या होड्यांच्या शर्यतीसाठी सुरक्षेचे आणि वळणाचे नियम कसे लिहावेत?

घाटपायरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाला. गौरी-गणपती झाले की दरवर्षी होड्यांच्या शर्यती असतात. आजोबांच्या आधीपासून चालत आलेल्या आहेत, त्या बंद पडाव्यात असं गावात कुणालाच वाटत नाही, मलाही नाही. पण गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर कमिटीने लेखी नियम करायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी दूध संस्थेत हिशेब बघतो. लहानपणापासून होडीत आहे, पण नियम लिहिण्याचा अनुभव शून्य. म्हणून इथे विचारतोय.

आधी शर्यत कशी होते ते सांगतो. घाटापासून निघायचं, प्रवाहाच्या उलट साधारण ७०० मीटर वर जायचं, तिथे नांगरलेल्या निळ्या ड्रमला वळसा घालून परत घाटाला यायचं. एका वेळी चार होड्या. होडीत आठ वल्हवणारे, मागे सुकाणूवाला, मिळून नऊ जण. सगळे पुढे तोंड करून बसतात.

गेल्या वर्षी दोन होड्या ड्रमपाशी एकदमच पोचल्या. एक डावीकडून वळायला गेली, दुसरी उजवीकडून. पहिली प्रवाहाला आडवी झाली आणि दुसरीचं तोंड थेट तिच्या कडेवर बसलं. होडी उलटली. आठ डोकी वर दिसली, नववं दिसेना. शेजारच्या होडीतला मी. उलट्या होडीच्या लाकडावर आतून कुणीतरी ठोकतंय, तो आवाज ऐकू येत होता. मुलगा १७ वर्षांचा. आतल्या हवेत त्याचं डोकं होतं म्हणून वाचला. दोघांनी बुडी मारून त्याला ओढून काढला. बचावासाठी म्हणून ठेवलेली एकमेव इंजिनची होडी त्या वेळी पाहुण्यांना फिरवत खाली घाटाजवळ होती.

माझे प्रश्न:

१. ड्रमजवळ आधी वळायचा हक्क कुणाचा?
२. पाणी किती असेल तर शर्यत रद्द करायची? दरवर्षी यावरून भांडण होतं.
३. लाइफ जॅकेट पोरं घालत नाहीत, हात अडकतो म्हणतात. कुठलं घ्यावं?
४. बचावाच्या होड्या किती आणि कुठे उभ्या कराव्यात?
५. मगरींचं काय करायचं? आमच्या पट्ट्यात आहेत, सगळ्यांना माहीत आहे.

---

संगमावरचा

मुलगा वाचला हे वाचून जीव भांड्यात पडला.

मी पुण्यात सीओईपीला (अभियांत्रिकी महाविद्यालयात) होतो, तिथल्या बोट क्लबमध्ये चार वर्षं काढली. तो क्लब १९२८ पासूनचा आहे आणि दरवर्षी रेगाटा, म्हणजे होड्यांचा मेळा होतो. आमच्या बोटी अरुंद, वल्हवणारा पाठमोरा बसतो, त्यामुळे समोरचं काही दिसतच नाही. म्हणून पहिल्या दिवशी बोटीला हात लावायच्या आधी वाहतुकीचा नियम शिकवतात.

पाण्यावर उजवीकडून चालायचं. जगात बहुतेक ठिकाणी हेच. आपल्याकडे घोळ असा होतो की रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, त्यामुळे घाबरला की माणूस आपोआप डावीकडे वळतो. समोरासमोर आलेल्या दोन होड्यांपैकी एकाने पाण्याचा नियम पाळला आणि दुसऱ्याने रस्त्याचा, तर टक्कर ठरलेली. तुमच्याकडे बहुतेक हेच झालं असावं. नियम क्रमांक एक म्हणून लिहा: वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळेला आपल्या उजव्या हाताचा काठ जवळ. यातूनच वळण्याची दिशाही ठरते. ड्रम कायम डाव्या हाताला ठेवायचा. अपवाद नाही, सरावातसुद्धा नाही.

वळायचा हक्क कुणाचा, हा वाद संपवायचा असेल तर चार होड्यांना चार ड्रम लावा, दोन ड्रममध्ये दोन होड्यांची लांबी तरी सुटली पाहिजे. ज्याचा त्याचा ड्रम, मग हक्काचा प्रश्नच येत नाही.

अंतिम रेषेला दोरी बांधता का? बांधत असाल तर यंदापासून नको. पताका लावलेली दोरी पाणी चढलं की बरोबर मानेच्या उंचीवर येते. काठावर एकामागे एक दोन उंच बांबू रोवा. पंचाने मागे उभं राहून दोन्ही बांबू एका रेषेत बघायचे. होडीचं नाक त्या रेषेत आलं की शर्यत संपली. नदीत काहीच बांधावं लागत नाही.

---

जुना पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं काढली, बहुतेक नोकरी कृष्णा आणि वारणेच्या काठावर. प्रश्न दोनचं उत्तर मी देतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. हे आकडे पुराचे आहेत, शर्यतीचे नाहीत. ३९ फुटांना शर्यत घ्यायला हरकत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला नदी कळलेली नाही. तुमच्या शर्यतीला पाणी त्याच्या कितीतरी खाली हवं.

आणि पातळीपेक्षा मोठा प्रश्न असा की पाणी चढतंय की उतरतंय. चढत्या पाण्यात ओंडके येतात, झाडं येतात, काठाचा कचरा सुटतो. उतरत्या पाण्यात नदी तेवढीच मोठी असेल, तरी साफ असते. आदल्या संध्याकाळी घाटाच्या कुठल्या पायरीला पाणी आहे तिथे खडूने नव्हे, ऑइल पेंटने खूण करा. पहाटे बघा, शर्यतीच्या दोन तास आधी बघा, अर्धा तास आधी बघा. एक पायरी जरी वर चढलं असेल तरी रद्द.

कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, तिथून पुढे तुमच्याकडे. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सुटलं तर तुम्हाला फारसं कळणार नाही, पण वक्र दरवाजे उघडले की गोष्ट वेगळी. धरणावर दरवाजे उघडले आणि तुमच्या घाटावर पाणी चढलं यात बरेच तास जातात, म्हणून माणूस गाफील राहतो. आदल्या दिवशीच विसर्गाची चौकशी करा. दुसरं म्हणजे वारणा. ती हरिपूरला, सांगलीच्या खाली मिळते. ती फुगली की कृष्णेचं पाणी तुंबतं. वर पाऊस नसतानाही तुमच्याकडे पाणी चढतं, ओढ मात्र कमी वाटते. त्याला फसू नका.

ओढ मोजायला यंत्र लागत नाही. काठावर ३० मीटर मोजून दोन खुंट्या ठोका, मधल्या धारेत नारळ टाका, घड्याळ लावा. २० सेकंदांत गेला तर पाणी ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास धावतंय. दमलेल्या पोरांची होडी त्याच्या उलट जेमतेम सरकेल. तुमचा आकडा तुम्ही सरावात ठरवा, पण शर्यतीच्या महिनाभर आधी ठरवा आणि कागदावर सह्या घ्या. त्या दिवशी घाटावर हजार माणसं जमलेली असताना ठरवायला गेलात तर नारळ मोजेल एक आणि कमिटी बोलेल दुसरंच.

जवळ कोल्हापुरी बंधारा आहे का? पावसाळ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतात, पण खांब असतात पाण्याखाली. वरून पाणी सपाट दिसतं. खालच्या अंगाला भोवरा गोल फिरत राहतो, त्यात गेलेला पट्टीचा पोहणाराही बाहेर येत नाही.

---

घाटपायरी

काका, बंधारा आहे. घाटाच्या खाली साधारण दीड किलोमीटर. म्हणजे उलटलेली होडी वाहत गेली तर तिकडेच जाणार. हे इतकी वर्षं माहीत असूनही आम्ही कधी या अंगाने विचार केला नाही.

---

टेम्सकाठी

मी मिरजेची, गेली नऊ वर्षं लंडनला. इथल्या क्लबात वल्हवते आणि शर्यतींच्या दिवशी काठावर मार्शल म्हणून उभी राहते. तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा, आधी एक वेगळाच विचार मांडते. वळसाच काढून टाकता येईल का? टेम्सवर १९२६ पासून हेड ऑफ द रिव्हर नावाची शर्यत होते, मॉर्टलेक ते पुटनी, सव्वाचार मैल. शेकडो होड्या, पण सगळ्या एकदम सोडत नाहीत. थोड्या थोड्या सेकंदांच्या अंतराने एकामागे एक सोडतात आणि प्रत्येकाची वेळ मोजतात. मागची होडी जवळ आली तर पुढच्याने बाजू द्यायची, नाही दिली तर दंड. तुमच्याकडे दोन-दोन मिनिटांनी एक होडी सोडली तर ड्रमजवळ गर्दीच होणार नाही. काठावरच्या लोकांना समोरासमोर चुरस दिसत नाही हे मान्य. मग निदान प्राथमिक फेऱ्या अशा घ्या आणि अंतिम फेरीला फक्त दोन होड्या, दोन ड्रम.

वळसा ठेवणार असाल तर तो वरच्या अंगालाच राहू द्या, जसा आहे तसा. दमलेल्या होडीला पाणी घराकडे आणतं. ड्रम खालच्या अंगाला ठेवला तर दमलेली पोरं बंधाऱ्याकडे वाहत जातील.

बचावाची होडी ड्रमपाशी किंवा त्याच्या वर ठेवू नका, खाली ठेवा. पाण्यात पडलेला माणूस खालीच येतो. एक ड्रमच्या ५० मीटर खाली आणि दुसरी अंतिम रेषेच्या खाली, बंधाऱ्याच्या बऱ्याच वर. दुसरी हलली तर शर्यत थांबली. या दोन्ही होड्यांत चालक आणि एक पोहणारा, बस. पाहुणे नाहीत, फोटोवाला नाही, कमिटीचा अध्यक्षसुद्धा नाही. माणसाजवळ जाताना खालून वर जायचं आणि शेवटच्या काही मीटरला इंजिन न्यूट्रलला. पंख्याने पाय कापला जातो.

सरावात प्रत्येक पोराकडून हे घोटून घ्या: होडी उलटली तर होडी सोडायची नाही. काठ जवळ दिसतो, पण कपड्यांसकट आणि दमलेल्या हातांनी तो जवळ नसतो. होडीची जिकडून पाणी येतं ती बाजू धरायची, जिकडे वाहून जातं ती नाही, नाहीतर होडी आणि झाड यांच्या मध्ये माणूस चेपला जातो. सुकाणूवाल्याने मोठ्याने डोकी मोजायची.

जॅकेटबद्दल. न्यूटन म्हणजे जॅकेटची तरंगवण्याची ताकद. ५० न्यूटनचं वल्हवायला बरं, हात मोकळे राहतात, पण ते पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असताना. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवत नाही. १०० न्यूटनचं शांत पाण्यात बहुधा ठेवतं, पण ते जाड असतं. वल्हवणाऱ्यांना ५०, लहान मुलांना आणि बचाव होडीत ओढून घेतलेल्या माणसाला १००. वजनाप्रमाणे माप बघून घ्या, ढगळ जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर येतं. घातल्याशिवाय होडी सुटणार नाही, एवढं एकच वाक्य नियमात लिहा. आणि पहिल्यांदा ते गावातल्या सगळ्यात नामांकित नावाड्याने घालावं. पोरं त्याच्याकडे बघतात.

शेवटचं: लाल झेंडा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत एक माणूस पोहत मध्येच आला. पंचांनी लाल झेंडा दाखवला आणि दोन्ही होड्या जागच्या जागी थांबल्या. लाखो लोक बघत असताना. तुमच्याकडे तो झेंडा कुणाच्या हातात असेल?

---

घाटपायरी

ताई, त्या शेवटच्या प्रश्नावर मी दोन दिवस अडकलो होतो. आमच्याकडे काठावर हलगी आणि डॉल्बी दोन्ही असतात. गेल्या वर्षी होडी उलटल्यावर आम्ही नदीतून ओरडत होतो आणि काठावर लोक नाचत होते. त्यांना वाटलं जिंकल्याचा जल्लोष आहे.

---

जुना पाटकरी

मग नियमात हे घाला: लाल झेंडा दिसला की डॉल्बीची मेन स्विच बंद. त्या स्विचपाशी एक माणूस नुसता झेंड्याकडे बघत बसलेला पाहिजे.

विजेवरून आठवलं. काठावर उपसा सिंचनाच्या मोटारी असतील, केबल पाण्यात लोंबत असतात. शर्यतीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना भेटून त्या वेळेपुरता पुरवठा बंद ठेवा, महावितरणला लेखी पत्र द्या. पोलीस ठाणे आणि तहसीलदार यांनाही. रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, हे आकडे झेंडेवाल्याच्या पाठीवर चिकटवा.

---

संगमावरचा

मगरींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. वन विभागाला (मदत क्रमांक १९२६) आधी कळवा, तुमच्या पट्ट्यात ऊन खायला कुठे येतात ते त्यांना आणि गुराख्यांना माहीत असतं. गढूळ पाण्यात मगर दिसत नाही, म्हणून दिसली नाही म्हणजे नाही असं धरू नका. संध्याकाळ व्हायच्या आत शर्यत संपवा. काठावर मासे-मटण धुवायला आणि उरलेलं टाकायला आठवडाभर आधीपासून बंदी. हाकलायला दगड किंवा फटाके अजिबात नकोत, मगर कायद्याने संरक्षित आहे आणि बिथरली तर कुठे जाईल याचा नेम नाही.

---

घाटपायरी

काल रात्री कमिटीची बैठक झाली. काय ठरलं ते लिहितो.

प्राथमिक फेऱ्या एकेक होडी सोडून, वेळ मोजून. अंतिम फेरीला दोन होड्या, दोन ड्रम, दोन्ही डाव्या हाताला. दोरी रद्द, बांबू मंजूर. नारळाची चाचणी तीन वेळा, २५ सेकंदांच्या आत गेला तर शर्यत पुढच्या रविवारी. यावर खूप आवाज झाला. एकजण म्हणाला, २०१९ च्या पुरात काहिलीतून (गुळाच्या मोठ्या कढईतून) माणसं काढली आम्ही, आम्हाला नारळ काय शिकवता. तेव्हा गेल्या वर्षीच्या त्या मुलाची आई उठली. ती एवढंच म्हणाली, "त्याच पुरात ब्रह्मनाळला होडी उलटली ती बी पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या गावातच." त्यानंतर सह्या झाल्या.

लाल झेंडा तिच्याकडे दिलाय. तिने झेंडा वर केला की सरपंच असो की आमदार, कुणी खाली करायचा नाही, असं लिहून घेतलं. पहिलं जॅकेट आमचे ७१ वर्षांचे आबा घालणार आहेत, ते स्वतःहून तयार झाले.

एक शंका राहिली. काठावरून फेकायच्या दोरीसाठी दुकानदार नायलॉनची देतोय. चालेल का?

---

टेम्सकाठी

नायलॉन बुडते, इंजिनच्या पंख्यात अडकते. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते. २० ते २५ मीटर, बोटाएवढी जाड. पिशवीत सैल भरून ठेवा, गुंडाळी करू नका. फेकताना माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची, म्हणजे दोरी त्याच्या हातावर पडते.

---

घाटपायरी

आणली. दुकानदारालाही कुठली ते नक्की सांगता येईना, म्हणून तुकडा घरी आणून रात्रभर बादलीत टाकून ठेवला. सकाळी आईने उठवलं, म्हणाली तुझी दोरी अजून वरच आहे. रविवारी सात वाजता घाटावर फेकायचा सराव ठेवलाय.