भंगारातल्या निगेटिव्ह: माल कुणाचा, हक्क कुणाचा?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या एका दिवंगत स्टुडिओवाल्यांच्या १९७०-८० च्या निगेटिव्ह भंगारवाल्याकडून किलोवर घेतल्या. लग्नं, मिरवणुका, हळदीचे सौदे. प्रिंट काढून विकतोय. पैसे मोजले, माल माझा. उगाच नैतिकता शिकवू नये.

लालदिवा: माल तुमचा, हक्क नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं; भंगारवाल्याच्या काट्यावर ते होत नाही. कलम २० ची सवलत मृत्युपत्राने निगेटिव्ह मिळालेल्याला, विकत घेणाऱ्याला नव्हे. वर कोपऱ्यात स्वतःचा वॉटरमार्क मारलाय! कलम ५७ (फोटो काढणाऱ्याचं नाव जपण्याचा हक्क) खाली वारस त्यावरही भांडू शकतात. विव्हियन मायर या अमेरिकन छायाचित्रकार बाईंचं काय झालं? २००७ साली शिकागोत त्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या लिलावात गेल्या, बाई २००९ साली वारल्या, प्रिंट जगभर खपले आणि २०१४ मध्ये वारस कोण हे कोर्टात निघालं.

कृष्णाकाठ: शिकागो राहू द्या. मी घेतल्या नसत्या तर फिल्ममधली चांदी काढायला गेल्या असत्या. वारसांनीच भंगारात घातल्या ना? तेव्हा कुठे होता कॉपीराइट?

पेठकर: सगळे हक्क वारसांकडे तरी कुठे होते? कलम १७ बघा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे रोल ना तुमचे, ना स्टुडिओवाल्यांच्या मुलांचे. मिरवणूक हौसेने टिपली असेल तरच ती त्यांची. आधी दोन ढीग करा. पाकिटांवर ऑर्डर नंबर आणि नाव असतं.

कृष्णाकाठ: पाकिटांचा २०१९ च्या पुरात लगदा झाला. निगेटिव्हही चिकटल्यात, कोमट पाण्यात सोडवतोय.

लालदिवा: कोमट?? जिलेटीन मऊ पडून इमल्शन (चित्राचा थर) सरकेल, चेहरेच वाहून जातील! गार डिस्टिल्ड पाणी घ्या, भिजू द्या, आपणहून सुटतील तेवढ्याच घ्या. ओढायचं नाही.

पेठकर: सरसकट गार पाणीही नको. बुरशीने खाल्लेलं जिलेटीन गार पाण्यातही विरघळतं. आधी कोरी पट्टी, रोलचं टोक बुडवून बघा. बुरशीवाल्या कोरड्याच ठेवा, मऊ ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून.

लालदिवा: ब्रशने ओरखडे उठतात. ब्लोअर वापरा.

पेठकर: ब्लोअरने बुरशी खोलीभर उडते! पुस्तकी सल्ले पुरे.

लालदिवा: बरं, ब्रश. पण मऊ म्हणजे रंगकामाचा नव्हे. आणि सुटलेल्या पट्ट्या इमल्शनकडून पुसू नका. चिमट्याने टांगा, पंखा बंद. व्हिनेगरचा वास येणाऱ्या, म्हणजे फिल्म कुजू लागलेल्या, वेगळ्या काढा, एकीमुळे दुसरी लवकर खराब होते. पीव्हीसीची कव्हरं तर नकोच.

कृष्णाकाठ: पाणी ओतून दिलं. धन्य आहात दोघे. आता वारसांना टक्का द्यायचा म्हणता?

लालदिवा: टक्का नंतर, आधी कागद. हौसेच्या ढिगासाठी सगळ्या वारसांच्या सह्या. कोणते फोटो, किती प्रिंट, किती वर्षं हे त्यात लिहा. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात.

कृष्णाकाठ: आणि लग्नाचा ढीग?

पेठकर: त्या घरांना स्कॅन करून द्या. खर्च मागा, हरकत नाही. कुणाची आजी परक्याच्या हॉटेलात टांगायला विकू नका.

कृष्णाकाठ: मिरवणुकाच विकतो मग. तुमचा कायदा तुम्हाला लखलाभ.