बुर्ज खलिफा मनोऱ्यांत का नाही?
भाऊ, बुर्ज खलिफा ८२८ मीटर असूनही मनोऱ्यांत धरत नाहीत, कारण ती मुळात माणसांनी राहायची, काम करायची इमारत आहे. मनोऱ्यांत पहिला नंबर टोकियोच्या स्कायट्रीचा : ६३४ मीटर, २०१२ साली खुला झाला. सहा-तीन-चार हे आकडे जपानीत ‘मुसाशी’ असे वाचता येतात, आणि मुसाशी हे त्या भागाचं जुनं नाव, म्हणून उंची मुद्दाम तेवढीच ठेवली. टोरंटोचा सीएन टॉवर (५५३ मीटर, १९७६) उभारला तो शहरातल्या उंच इमारती टीव्ही-रेडिओचे सिग्नल अडवत होत्या म्हणून.

पण उंचीचं बोलताना तारांवर तोललेले खांबही विसरू नका. पोलंडमध्ये ६४६ मीटरचा रेडिओचा खांब होता, म्हणजे स्कायट्रीहून उंच. ताणाच्या तारांवरच उभा. १९९१ मध्ये तारा बदलताना कोसळला. आमच्या यवतमाळकडे दूरदर्शनसाठी कवेलूवर बांबू उभारून तीन बाजूंनी तार ताणायचो, तोच प्रकार राजेहो! वावटळीत एक तार सुटली की अँटेना थेट शेजारच्या गोठ्यावर, अन् रविवारचा पिक्चर गेला.