अनुभव धागा: घरच्या घरी बेरीज-वजाबाकी (सोलापूरकरांसाठी)

पहिली ते तिसरीच्या पोरांना घरी गणित शिकवताना काय वापरता, किती घेता, कुठं अडतं, ते लिहा. कौतुक नको, कृती द्या.

साखर पेठ
दहा चिंचोके खरबरीत दगडावर एकाच बाजूनं घासा, पांढरं दिसेपर्यंत. मुठीत हलवून टाका. पांढरे मोजायचे, तपकिरी न मोजता सांगायचे. सात पांढरे, तर तीन तपकिरी. पोरं गुपचूप तपकिरीही मोजतात, म्हणून ते लगेच वाटीखाली झाकायचे आणि उत्तर आल्यावरच वाटी उचलायची. सुरुवात पाच चिंचोक्यांनी करा. दहाच्या जोड्या तोंडात बसल्या की 8 + 5 ला बोटं लागत नाहीत: पाचातले दोन आठाला दिले, दहा, वर तीन.

जुळे सोलापूर
हातच्यासाठी खराट्याचे हीर. बोटभर लांबीचे पन्नास तुकडे, दहा-दहाची जुडी, वर रबर. 43 − 17 मध्ये पोरं 34 लिहितात, कारण सातातून तीन काढणं सोपं पडतं. आधी मांडून बघा: चार जुड्या, तीन सुटे. सात निघत नाहीत. मग एक जुडी सोडा: तीन जुड्या, तेरा सुटे. सात काढले, सहा उरले. एक जुडी उचलली, 26. रबर पोरानंच काढायचं. आपण सोडून दिलं तर त्याला ती नुसती जादू वाटते.

अक्कलकोट रोड
ताई, याच जुड्या ‘एकोण’ला चालतात. एकोणचाळीस म्हटलं की पोरगं 49 लिहितं. चार जुड्या मांडा, एक सोडा, त्यातला एक हीर बाजूला. तीन जुड्या, नऊ सुटे, 39. पंचवीसचं 52 होतं तिथंही आधी मांडणी, मग पाटी.

होटगी रोड
पाढ्यांना शहाबादी फरशी आणि खडू. सात ओळी, दर ओळीत आठ चौकोन. पाचव्या चौकोनानंतर उभी रेघ मारा. 7 × 5 = 35, 7 × 3 = 21, मिळून 56. सात आठे विसरला तरी पोरगं अडत नाही. घोकंपट्टी यानंतर, आधी नाही.

विजापूर रोड
गड्ड्याच्या जत्रेतल्यासारखं दुकान मांडा. शेंगाचटणीची पुडी 37 रुपये, गिऱ्हाईक पन्नासची नोट देतं. वजाबाकी करायची नाही, वर मोजत जायचं: 37 वर तीन, चाळीस, वर दहा, पन्नास. परत 13. नाणी खरीच द्या. गंमत म्हणजे लहान पोरांना तीन नाणी एका दहाच्या नाण्यापेक्षा जास्त वाटतात, ते आधी निस्तरावं लागतं. भाव 40, 50 असे गोल ठेवले तर खेळात काही उरत नाही.

साखर पेठ
अर्धा-पाव भाकरीवर दाखवणार असाल तर मऊ भाकरी घ्या, घडी पडते. कडक भाकरीचे चार सारखे तुकडे कुणाच्या बापाला होत नाहीत.