मोले: दूधसागर की तांबडी सुर्ला?

गोव्यात फोंड्याला मावशीकडे आलोय, सोबत आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी. मोले नॅशनल पार्कसाठी एकच दिवस आहे. दूधसागर करू की तांबडी सुर्ला? बाबांचे गुडघे दुखतात.

› दूधसागरचा पहिला मान असतो हे कबूल, ३१० मीटरचा धबधबा आहे, पण कुळ्याहून जीप घ्यावी लागते, स्वतःची गाडी आत नेता येत नाही आणि रस्ता म्हणजे दगड नि ओढे, हाडं खिळखिळी होतात. वर जीप थांबते तिथून दगडांवरून चालत जायचं. बाबांना नको. पावसाळ्यात तर जीप बंदच असतात.

› तांबडी सुर्लाच करा हो! कदंब राजांच्या काळातलं काळ्या बेसॉल्टचं महादेवाचं देऊळ, गाडी जवळपर्यंत जाते, बाजूला नदी. पोरीला पाण्यात पाय सोडून बसू द्या. आणि पक्ष्यांचं वेड असेल तर सकाळी लवकरच पोचा, मलबार ट्रोगन, फ्रॉगमाउथ याच भागात बघायला लोक लांबून येतात. उन्हं चढली की सगळं सामसूम.

› मुलीला प्राणी बघायचे असतील तर मोलेच्या जंगलात दिसतीलच याची खात्री नाही, त्यापेक्षा बोंडला, तिथे छोटं झू आहे आणि फोंड्याहून जवळ. फक्त गुरुवारी बंद असतं.

› @वरचे, बरोबर. माझं मत, सकाळी सुर्ला, दुपारी बोंडला. रुळांवरून चालत दूधसागरला जाणाऱ्यांचे रील्स बघून भुलू नका, त्याला बंदी आहे.

› थँक्यू सगळ्यांना, सुर्ला फिक्स. तिथे जेवायला काही मिळतं का, की मावशीकडून डबा घेऊ?

› डबाच घ्या.